लाल ठिपका

गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत एका स्नेह्यांनी आम्हांला गाठलं. "काय हो, तुमच्या बंदुकीवर म्हणे लाल दिवा बसवलाय? सिनेमात माणसाच्या छातीवर पडतो तसा?" रांगेत हशा पिकला. तेव्हा मोदक हातात असल्यामुळे नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

तो लेसर नव्हे. लेसरचा ठिपका समोरच्यावर पडतो. आमच्या 'रेड डॉट'चा ठिपका फक्त आमच्या डोळ्यांना दिसतो. छोट्या एलईडीचा लाल प्रकाश एका काचेवर पडतो आणि काचेवरचा लेप तो डोळ्याकडे परत पाठवतो. काचेतून समोरचं रान जसंच्या तसं दिसतं आणि त्यावर ठिपका तरंगत असतो. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली अशी पहिली वस्तू बाजारात आणली. आज मात्र दुकानात गेलं की इतके प्रकार समोर येतात की लग्नाची साडी निवडणं परवडलं!

आम्ही दोघं नवराबायको पेनसिल्व्हेनियात टर्कीच्या शिकारीला जातो. शेजारच्या आजोबांनी नाद लावला. रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं. बंदूक १२ बोअरची, पुढे नळीच्या टोकाला एक पितळी माशी, बस्स. छर्रे तर पसरतातच, मग नेमाची एवढी मातब्बरी कशाला, असं आम्हांलाही वाटायचं.

मे २०२२ मध्ये एका पहाटे नर टर्की साधारण पंचवीस यार्डांवर आला. आमच्यापैकी एकाने (कोणी ते विचारू नका, अजून घरात त्यावरून बोलणी होतात) पक्षी नीट दिसावा म्हणून गाल दस्त्यावरून किंचित उचलला आणि बार काढला. गाल उचलला की नळीचं तोंड वर जातं आणि बार वरून जातो. पिसं उडाली, पक्षी लंगडत झाडीत शिरला. दुपारपर्यंत शोधलं. सापडला नाही. त्या दिवशी घरी कोणी धड जेवलं नाही.

आजोबांनी पुठ्ठ्यावर बार काढून दाखवले तेव्हा डोळे उघडले. टर्कीसाठी नळीच्या तोंडाला घट्ट चोक लावतात. त्यामुळे चाळीस यार्डांवर छर्रे दाट पडतात हे खरं. पण पंधरा यार्डांवर सगळा घोस जेमतेम बशीएवढा! मारायचं असतं डोकं आणि मान. बशी चार बोटं सरकली की गेलं. शिवाय पन्नाशीनंतर माशी आणि पक्षी दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. ठिपक्याचा फायदा इथे आहे. तो पक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, आणि मान थोडी इकडेतिकडे झाली तरी नेम फारसा ढळत नाही.

मग निवडायचा कसा? पहिली गोष्ट स्वतःचे डोळे. आमच्यापैकी एकाला ॲस्टिग्मॅटिझम आहे. दुकानात तिला गोल ठिपका दिसेचना, द्राक्षाच्या घडासारखं काहीतरी दिसायचं. दुकानदाराने युक्ती सांगितली. फोनच्या कॅमेऱ्यातून त्याच काचेत पाहा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्यात, वस्तूत नव्हे. उजेड कमी केला, लांबचा चष्मा लावला आणि घडाचं एकच द्राक्ष झालं. म्हणून म्हणतो, टपालाने मागवण्याआधी एकदा तरी स्वतःच्या चष्म्यातून बघा. बायफोकलवाल्यांनी तर बंदूक खांद्याला लावून बघा. दस्त्यावर मान वाकली की नजर चष्म्याच्या वरच्या भागातून जाते.

ठिपक्याचा आकार 'एमओए'त मोजतात. एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे एक इंच. चाळीस यार्डांवर ६ एमओएचा ठिपका अडीच इंच झाकतो, म्हणजे टर्कीचं जवळजवळ सगळं डोकंच! २ एमओएचा एक इंचही झाकत नाही. आम्ही ३ चा घेतला. दिसायला पुरेसा, आणि खाली काय आहे तेही दिसतं.

उघड्या घडणीचे हलके असतात, पण एलईडी आणि काच यांच्यामधल्या जागेत पावसाचा थेंब बसला की ठिपका फिसकटतो. मेच्या दवात आम्हांला बंद डबीचा बरा वाटला. बॅटरी बहुतेकांत सीआर२०३२, औषधाच्या दुकानातसुद्धा मिळते. मात्र ती बदलायला डबी काढावी लागत नाही ना, हे पाहून घ्या. काढली की नेम पुन्हा तपासणं आलं.

आमचा पहिला ठिपका स्वस्तातला होता. १२ बोअरच्या तिसऱ्या धक्क्याला विझला तो विझलाच. कंपनीचं नाव घेत नाही. बसवण्याची पट्टी हाही खर्चच धरा. मॉसबर्ग ५०० ला वरती भोकं आणि आटे कारखान्यातूनच असतात. रेमिंग्टन ८७० च्या बऱ्याच बंदुकांना नसतात, तिथे गनस्मिथकडे जावं लागतं. स्क्रूंना निळं लॉकटाइट लावायला विसरू नका. लालवालं लावाल तर पुढे काढताना रडाल.

बसवला म्हणजे झालं नाही. आधी वीस यार्डांवर हलकी काडतुसं, मग चाळीस यार्डांवर शिकारीचीच काडतुसं, मोठ्या कागदावर. घोसाचा मध्य जिथे पडेल तिथे ठिपका आणायचा. आमचा घोस चार इंच डावीकडे पडत होता. माशीवर विसंबून दोन मोसम आम्ही तसेच हिंडलो होतो!

जाता जाता दोन गोष्टी. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. राज्याचं शिकारीचं लायसन्स असणं हा एक अपवाद. तेव्हा आधी वकिलाला विचारा. आणि गावाकडच्या भावासाठी हा ठिपका बॅगेत घालून नेऊ नका, त्याला निर्यातीचे नियम लागतात.

मे २०२४ मध्ये पुन्हा त्याच टेकडीवर बसलो. साडेसहाला नर आला, तीस यार्डांवर. पिसं संपून उघडी मान सुरू होते तिथे ठिपका स्थिर टेकला. तेवढ्यात त्याच्या मानेमागे, गवतात, काहीतरी हललं. मादी होती. वसंतात दाढीवाल्या पक्ष्यालाच बार. आम्ही थांबलो. नर दोन पावलं सरकला, ती त्याच्या मागोमाग सरकली, आणि दोघंही ओहोळाकडे उतरून गेली. आम्ही ठिपका मालवला आणि थर्मासमधला चहा काढला.