हलते घर, अडलेले कर्ज

इंग्लंडच्या कालव्यांवर ‘नॅरोबोट’ नावाची एक होडी चालते. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. चाळीतला चिंचोळा पॅसेज कुणी उचलून पाण्यात सोडावा, तशी. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनियरने मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी जी ‘लॉक’ बांधली, ती सात फूट रुंदीची; म्हणून होडीही तेवढीच. पूर्वी तिच्यातून कोळसा जाई. पुढे रेल्वे आली, वाहतुकीचे दर पडले, तेव्हा घरभाडे आणि गड्याचा पगार वाचवायला नावाड्यांनी बायकामुलांसह होडीच्या मागच्या दहा फुटी खोलीत बिऱ्हाड थाटले. आता कोळसा गेला, बिऱ्हाडे मात्र आहेत. कुणी हौसेखातर राहतो, तर कुणी लंडनमधल्या घरांच्या किमती झेपत नाहीत म्हणून.

पण या घरासाठी पैसा आणायचा कुठून? खरी गोम इथे आहे. होडीत जन्मभर राहायचे ठरवले तरी तिला साधे गृहकर्ज मिळत नाही. बँकेच्या लेखी घर म्हणजे आधी जमीन. जमीन पळून जात नाही, तिची नोंद सरकारदफ्तरी असते आणि कर्जाचा बोजा त्या नोंदीवर चढतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर चढतो तसाच. होडी पडली जंगम मालमत्ता. आज या काठाला, पुढच्या महिन्यात वीस मैलांवर. शिवाय तिथे कालव्यावरच्या होडीची मालकी नोंदवण्याची सक्ती नाही. फिरण्याचा परवाना लागतो, पण तो मालकीचा पुरावा ठरत नाही. ब्रिटिश जहाजनोंदणीच्या पहिल्या भागात होडी नोंदवली, तर गहाणही नोंदवता येते. छोट्या नौकांसाठीच्या तिसऱ्या भागात ती सोय नाही. म्हणून जुनी होडी घेणारा शहाणा माणूस आधीच्या विक्रीच्या पावत्या आणि कर्ज फिटल्याचे कागद मागून घेतो.

मग उरतात तीन वाटा. पहिली ‘मरीन मॉर्गेज’, म्हणजे होडीच तारण ठेवून घेतलेले कर्ज. ते देणाऱ्या संस्था मोजक्या, त्यांतल्या काही तर कायम राहण्यासाठी घेतलेल्या होडीला दारातच उभे करत नाहीत. सहसा किमान पाचवा हिस्सा पदरचा घालावा लागतो, व्याज गृहकर्जापेक्षा जास्त आणि मुदत कमी. दुसरी वाट विनातारण वैयक्तिक कर्जाची. रक्कम लहान, हप्ता मोठा. तिसरी वाट स्वतःचे पक्के घर गहाण टाकण्याची, आणि बहुधा तीच सर्वांत स्वस्त. म्हणजे ज्याला घर आहे त्याला होडी स्वस्तात पडते आणि ज्याचे होडी हेच घर, त्याला महाग!

सारी हयात बँकेत काढल्यामुळे कर्ज देणाऱ्याची बाजूही मला दिसते. हे तारण पाण्यात झिजते. नव्या होडीचा पोलादी तळ बहुधा 10 मिलिमीटर जाडीचा, बाजू 6 मिलिमीटरच्या. गंज त्या खात जातो. म्हणून खरेदीपूर्वी होडी पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून पत्र्याची जाडी मोजून घेतात. ती 4 मिलिमीटरच्या खाली गेली, की विमा कंपन्या कुरकुरतात. घर जुने झाले तरी खालची जमीन किंमत धरून ठेवते. होडीखाली जमीनच नाही.

हप्त्याशिवायचा खर्चही मोठा. परवाना, विमा, दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा लेप, चार वर्षांनी सुरक्षेचा दाखला. काठावरची कायमची जागा वेगळ्या भाड्याची, आणि होडी विकत घेतली म्हणून ती जागा आपोआप मिळत नाही. अशी जागा नसेल, तर 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. अशा फिरत्या होड्यांना 2024 पासून परवान्यावर अधिभारही बसला. मुलांची शाळा मात्र पुढे सरकत नाही.

तेव्हा होडीच्या किमतीवर भुलू नये. हप्ता, जागा आणि डागडुजी यांची बेरीज महिन्याच्या मिळकतीशी ताडून पाहावी. दोन-तीन महिन्यांची शिल्लक हाताशी नसेल, तर थांबावे. हप्ते थकले, तर होडीबरोबर डोक्यावरचे छप्परही जाते.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकने 1761 मध्ये खुल्या झालेल्या आपल्या कालव्यापायी डोक्यावर मोठे कर्ज करून घेतले होते. त्याला सावकार मिळाले. मिळणारच, कालवा काही जागचा हलत नव्हता!