खाऱ्या वाऱ्यातली जुनी फोर-व्हील

पेढीमागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी फोर-व्हील जीप किंवा पिकअप हे मुरुडमध्ये नवलाचे दृश्य नाही. सुपारीची पोती, नारळ, किराणा, प्रसंगी आजारी माणूससुद्धा तिने वाहिलेला असतो. १९४७ मध्ये महिंद्रांनी विलीज जीप भारतात आणली, तेव्हापासून अशा गाड्यांनी कोकणच्या कच्च्या रस्त्यांशी नाते जोडले. पुढे प्यूजो डिझेल इंजिनाची ‘एमएम ५४०’ आली आणि ते नाते आणखी घट्ट झाले. अशा गाडीच्या मीटरवर वर्षभरात फारसे किलोमीटर चढत नाहीत. नेमकी येथेच मालकाची गफलत होते. “गाडी फिरली कुठे?” असे म्हणून सर्व्हिसिंग दिवाळीवर आणि दिवाळीहून पाडव्यावर ढकलले जाते. देशावर हा हिशेब कदाचित खपेल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मात्र गाडी धावून झिजते त्याहून अधिक उभी राहून गंजते.

समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. वाऱ्याबरोबर आलेले तुषार पत्र्यावर सुकतात आणि मीठ मागे उरते. ते हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून वरून कोरड्या दिसणाऱ्या चॅसीवरही गंज चालूच राहतो. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या जंगलजेट्टीवर गाडी चढवताना चाके अनेकदा खाऱ्या पाण्यातून जातात, ती भर वेगळीच. उपाय साधा आहे: गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे. ‘गोड्या’ हा शब्द महत्त्वाचा, कारण किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि अशा पाण्याने धुणे म्हणजे मीठच चोपडणे.

जिवाशी गाठ आहे ती ब्रेकच्या नळ्यांची. या बारीक पोलादी नळ्या चॅसीला क्लिपांनी धरलेल्या असतात आणि गंज नेमका क्लिपेखाली, दिसणार नाही असा धरतो. ज्या जुन्या गाडीत ब्रेकचे एकच सर्किट आहे, तिथे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. हे घडते ते अंगणात नव्हे, तर भरल्या गाडीने घाट उतरताना, पाय जोरात दाबला असता. म्हणून दरवर्षी क्लिपा सोडवून नळ्या पुसून पाहाव्यात. खड्डे पडलेली नळी घासून रंगवू नये, बदलावी. ब्रेक ऑइल स्वतः हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो; लायनर तापल्यावर त्यात वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च एका पोत्याच्या नफ्यातून निघावा.

पुढची चाके जोडणारा लीव्हर वर्षभर हलवलाच नाही, तर हब आणि ट्रान्स्फर केसचे दांडे जाम होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या आणि रस्ते उन्मळलेल्या झाडांनी अडवले. अशा दिवशी चिखलात लीव्हर पडला नाही, तर फोर-व्हील नुसती नावाची. महिन्यातून एकदा वाळूच्या किंवा मातीच्या वाटेवर थोडे अंतर चारही चाकांवर गाडी चालवावी. डांबरी रस्त्यावर मात्र नाही: वळणात पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि तो ताण गिअरांवर येतो.

गाडी ओढ्यातून काढली असेल, तर डिफरन्शियलचे तेल लगेच पाहावे. तापलेले घर थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल ताकासारखे दुधाळ दिसले की बदलण्यावाचून गत्यंतर नाही. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटांना आणि पाट्यांच्या शॅकलला ग्रीस मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर पुन्हा द्यावे. जुने, वाळू मिसळलेले ग्रीस बाहेर येईपर्यंत.

गंजापासून बचाव म्हणून चॅसीला इंजिनचे काळे तेल फासण्याची रीत जुनी आहे, पण ती सोडलेली बरी. ते तेल रबरी बुश आणि होज फुगवते, पावसात धुऊन वाडीच्या मातीत उतरते आणि तिथून विहिरीत. मेण असलेले गंजरोधक लेपन महाग पडते, तरी टिकते. काढलेले तेल डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.

व्यापारी घराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे नोंद. तरीही पैशापैशाचा रोजमेळ लिहिणाऱ्या पेढीवर गाडीची वही बहुधा नसते. तारीख, किलोमीटर, काय बदलले, काय पुढे ढकलले, एवढेच लिहिले तरी पुरे. ती वही ड्रायव्हरच्या हाती असावी, कारण पेडल पोकळ लागले हे प्रथम त्याला कळते, आणि मालकाला सांगायला तोच कचरतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी आरटीओआधी घरीच एक परीक्षा घ्यावी. पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चॅसीला बसतात, तिथे हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर गाडी राखावी. आवाज बद्द आला आणि पापुद्रे गळले, तर तिथे पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून पुन्हा पोती लादणे हा धोका पत्करू नये. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळते. ते वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवावे.