लेन्स काढलेला वेबकॅम आणि उमरग्याचा चंद्र

चंद्रासाठी वेबकॅम तयार करताना सगळ्यात आधी त्याची लेन्स काढून टाकायची. मागचे एक-दोन स्क्रू सोडवायचे, खोके उघडायचे, पुढची आट्यांची नळी उलटी फिरवून बाहेर घ्यायची. खाली नखाहून लहान, चकाकणारा संवेदक दिसतो. यापुढे लेन्सचे काम दुर्बीण करणार असते. तिचे भिंग किंवा आरसा चंद्राची प्रतिमा थेट त्या संवेदकावर पाडतो आणि यूएसबीच्या वायरीतून ती लॅपटॉपवर येते. संवेदक आता उघडा असतो, त्याला बोट लावायचे नाही; धुळीचा एक कणसुद्धा चित्रात काळा ठिपका होऊन बसतो.

पुढचा प्रश्न वेबकॅम दुर्बिणीत बसवायचा कसा, हा. लहान दुर्बिणींत आयपीसची नळी सव्वा इंचाची, म्हणजे ३१.७५ मिलिमीटरची असते. फिल्मच्या जमान्यात ३५ मिलिमीटर रोलची काळी प्लास्टिकची डबी तिथे जवळजवळ नेमकी बसायची. जगभरच्या हौशी मंडळींनी तिचा तळ कापून ती वेबकॅमवर चिकटवली. आता ती डबी सहज मिळत नाही. पण मराठवाड्यातल्या उमरगा गावच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो. आपल्याकडे हे पाइप बाहेरच्या व्यासावर मोजले जातात, त्यामुळे पॉलिश पेपरने पाव मिलिमीटरच्या आसपास घासले की काम होते. आतून काळा रंग द्यायचा, एम-सीलने घट्ट करायचे, वेबकॅमचा लुकलुकणारा दिवा काळ्या टेपने झाकायचा.

या उद्योगाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती २००० नंतरच्या काही वर्षांत. फिलिप्सचा ‘टूयूकॅम प्रो’ हा त्या काळातला लाडका वेबकॅम. त्यात सोनीचा ६४० गुणिले ४८० बिंदूंचा सीसीडी संवेदक होता. एकेक बिंदू ५.६ मायक्रॉनचा, सगळा संवेदक जेमतेम साडेतीन मिलिमीटर रुंद. घरगुती गप्पांसाठी बनवलेल्या या वस्तूने गुरू, शनी आणि चंद्राची अशी चित्रे दिली, की आधीची फिल्मवरची चित्रे मागे पडली. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या कोर बेरेवूट्स यांनी ‘रेजिस्टॅक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर आणले आणि गरिबाघरच्या दुर्बिणीलाही मोठे दालन उघडले.

वेबकॅमने फिल्मला मागे का टाकले, ते समजून घेण्याजोगे आहे. आपण हवेच्या तळाशी राहतो. एप्रिलमध्ये सोलापूर–हैदराबाद महामार्गाच्या डांबरावर लहरी उठताना दिसतात, तीच हालचाल रात्री दुर्बिणीतल्या चंद्रावर दिसते. विवरांच्या कडा थरथरतात, क्षणभर स्थिरावतात, पुन्हा विरघळतात. एकच छायाचित्र घेतले तर ते बहुधा थरथरणाऱ्या क्षणाचे निघते. वेबकॅम मात्र सेकंदाला दहा-पंधरा चित्रे घेत राहतो. मिनिटभरात शेकडो चित्रे जमतात, त्यांत स्थिर क्षणही येतात. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राची स्पष्टता तपासते, चांगली तेवढी निवडते, एकावर एक नेमकी बसवते आणि सरासरी काढते. ४०० चित्रांची सरासरी घेतली की संवेदकाची खरखर २० पटीने कमी होते. मग बारीक तपशील उठाव देऊन बाहेर काढता येतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये स्थिर क्षण सापडण्याच्या या नशिबाचे गणित मांडले. हवेतल्या स्थिर तुकड्याच्या सातपट व्यासाची दुर्बीण असेल, तर सुमारे साडेतीनशे चित्रांत एक चांगले मिळते. व्यास दहापट झाला, तर दहा लाखांत एक. या हिशेबात लहान दुर्बीण भाग्यवान ठरते. चार-साडेचार इंचांच्या दुर्बिणीला चांगली चित्रे वारंवार सापडतात. लहान दुर्बीण आहे म्हणून मन मारून बसणाऱ्या प्रत्येक मुलाला हे गणित सांगावेसे वाटते.

११४ मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटन पद्धतीची दुर्बीण शाळांना आणि हौशी लोकांना परवडते. तिला असा वेबकॅम लावला तर एका चौकटीत चंद्राचा साधारण तिसरा हिस्सा उंचीला आणि अर्ध्याहून थोडा कमी रुंदीला मावतो. म्हणून पूर्ण चंद्रासाठी बारा-पंधरा तुकडे टिपून जोडावे लागतात. मोटार नसली तरी अडत नाही. चंद्र चौकटीतून सरकत जायला मिनिटभर लागते, तेवढ्यात पुरेशी चित्रे मिळतात. अशा दुर्बिणीची तपशील दाखवण्याची मर्यादा एका विकलेच्या आसपास, म्हणजे चंद्रावर दोनेक किलोमीटर. वेबकॅमचे स्वयंचलित एक्स्पोजर मात्र बंद करायचे. चंद्र हा उन्हात पडलेला खडक आहे, टायको विवराभोवतीचे पट्टे लगेच पांढरे फटक होतात. लेन्सबरोबर अवरक्त किरण अडवणारी काचही बहुधा निघून जाते आणि चित्र लालसर येते. आरशाच्या दुर्बिणीत त्याने बिघडत नाही. चित्र कृष्णधवल करावे. लांब लहरींना हवेचा त्रास उलट कमीच होतो.

आता उमरग्याविषयी. आकाशदर्शन म्हटले की लोक शहरापासून दूर, काळोखात जायला सांगतात. तारकागुच्छ आणि आकाशगंगांसाठी ते खरे आहे. चंद्राला काळोख लागत नाही. महामार्गावरच्या दिव्यांत, बसस्थानकाशेजारच्या अंगणातूनही त्याचे उत्तम चित्र निघते. चंद्राला लागते ती उंची, आणि ती उमरग्याकडे भरपूर आहे. गाव साधारण १७.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. चंद्र दक्षिणेला जास्तीत जास्त कलला, तरी मध्यरेषेवर येताना इथे क्षितिजापासून सुमारे ४४ अंश वर असतो. लंडनमध्ये तोच जेमतेम १० अंशांवर, जाड हवेत बुडालेला. माघ-फाल्गुनातल्या शुद्ध अष्टमीला तर तो इथे डोक्यावर येतो, आणि तेव्हा मराठवाड्याची हवा कोरडी, आकाश मोकळे असते. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर मात्र दुर्बीण मांडू नये; मातीच्या अंगणात मांडावी.

तिथी आपल्याकडे घरातल्या कॅलेंडरवर छापलेली असते, आणि या कामात तीच वेळापत्रक होते. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, तिथेच विवरे उठून दिसतात. शुद्ध पंचमी-षष्ठीला थिओफिलस आणि त्याचे शेजारी, अष्टमीला टॉलेमेअस, अल्फोन्सस, आर्झाचेल ही ओळ आणि ११० किलोमीटर लांबीची सरळ कडा, नवमीला ९३ किलोमीटर रुंद कोपर्निकस. संकष्टीला घरोघरी लोक चंद्रोदयाची वाट पाहतात. त्या रात्री क्रिसियम या गोल सपाट प्रदेशाजवळ सूर्य मावळत असतो. अर्घ्य देऊन झाल्यावर त्या घरच्यांना लॅपटॉपवर हे दाखवण्याइतका योग्य प्रसंग दुसरा नाही.

उमरगा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानात १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी निजामिया वेधशाळा उभारली, आणि पुढे तिथे आठ इंची दुर्बिणीने काचेच्या पट्ट्यांवर आकाशाच्या नकाशाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी ताऱ्यांची छायाचित्रे घेतली गेली. तेव्हा हे काम नवाबाच्या ऐपतीचे होते.

ते आज कुणाच्या आवाक्यात आले आहे, हे मे २०२१ मध्ये पुण्याने दाखवले. सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजूने पाच इंची दुर्बीण आणि वेबकॅमच्याच कुळातला छोटा कॅमेरा वापरून चंद्राची ५०,००० हून अधिक चित्रे टिपली, १८६ जीबी माहिती जमवली आणि एकच बारकावेदार चंद्र तयार केला. तो पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेशी जोडलेला होता. ही संस्था १९४४ पासून हौशी अभ्यासकांना घडवते आहे. तालुक्याच्या गावांत अशी संस्था नसते, आणि उणीव तिचीच आहे, साधनांची नाही.

खास ग्रहचित्रणाचे कॅमेरे आज मिळतात आणि ते वेबकॅमपेक्षा सरस आहेत. ज्याला परवडेल त्याने घ्यावेत. पण शिकण्यासाठी वेबकॅमच चांगला, असे माझे ठाम मत आहे. तो उघडताना प्रतिमा कुठे पडते, फोकस म्हणजे काय, हे हाताला कळते. शाळांच्या संगणक कक्षांत बंद पडलेल्या संगणकांसोबत जुने वेबकॅम पडून आहेत. उमरगा, मुरूम, लोहारा भागातल्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे, की त्यांतला एक मुलांच्या हातात द्या आणि येत्या शुद्ध अष्टमीला संध्याकाळी दुर्बीण अंगणात मांडा. एक पथ्य कडक पाळा : सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बिणीचे झाकण काढू नका.