दोन अभयारण्यांमधला रस्ता

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस आठवतो. जंगल सहसा आठवत नाही. वास्तविक केळापूर तालुक्यात टिपेश्वर आणि उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अशी दोन अभयारण्ये या जिल्ह्यात आहेत. गेल्या हिवाळ्यात ती दोन्ही मी मोटारसायकलवरून एकट्याने पाहिली. सोबतीला कोणी नसले म्हणजे गप्पा नसतात आणि नजर आपोआप रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाते.

टिपाई देवीच्या नावावरून टिपेश्वर हे नाव पडले. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. मोटारसायकल फाटकाबाहेरच ठेवावी लागते. आत जायचे ते परवानगीची गाडी आणि मार्गदर्शक घेऊनच. सागाचे रान, गवताळ माळ, चितळ, नीलगाय, मोर एवढे मला दिसले. वाघ दिसला नाही, पण त्याचा विचार पुढे वाटभर सोबतीला होता.

नर वाघ साधारण दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा मुलूख शोधू लागतो. लहान अभयारण्यात अशा साऱ्यांना जागा पुरत नाही. टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली रेडिओ कॉलर बसवला होता. तो जूनमध्ये बाहेर पडला आणि सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेते, नाले, महामार्ग हीच त्याची वाट होती.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. याच जिल्ह्यात राळेगावच्या परिसरात २ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘अवनी’ वाघीण गोळी घालून मारली गेली. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. कपाशीत वाकून वेचणी करणाऱ्या बाईला वाघाचे कौतुक सांगणे सोपे नाही. तिची भीती खरी आहे आणि वाघाची अडचणही खरी आहे.

घाटंजी-आर्णीवरून उमरखेडकडे जाताना हेच मनात घोळत होते. पैनगंगेच्या काठी, विदर्भ जिथे संपतो आणि मराठवाडा सुरू होतो, तिथे पुन्हा सागाचे रान लागते. नकाशावर ही दोन अभयारण्ये वेगळी दिसतात. जनावरांच्या दृष्टीने त्यांना जोडणारे धागे म्हणजे मधली झुडपी राने आणि नाल्यांचे काठ. हे काठ साफ झाले की वाघ शेतातूनच जाणार.

म्हणून आपल्यापैकी जे या वाटेने जातील त्यांनी दिवसाउजेडी जावे, वेग आवरावा आणि फाटकाइतकेच लक्ष फाटकांमधल्या मुलखाकडेही द्यावे. जंगल वाचणार की नाही, हे बरेचसे तिथेच ठरणार आहे.