गालात रुतलेली सळई

समजा, विलेपार्ल्यात बांधकामावर कोणाच्या गालात सळई घुसली आणि त्याला कूपर रुग्णालयात नेलं. सोबतच्यांना वाटेल, डॉक्टर आधी ती उपसतील. डॉक्टर आधी श्वासाची वाट मोकळी आहे ना, ते पाहतात. शक्य असेल तर सीटी स्कॅनलाही रुग्ण सळईसकटच जातो. कारण फाटलेल्या रक्तवाहिनीचं तोंड कदाचित तिनंच दाबून धरलेलं असतं! ती निघते थेट शस्त्रक्रियागृहात.

खरं नवल पुढेच आहे. कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापासून वरच्या ओठाच्या मध्यापर्यंत बोटानं रेघ ओढा. साधारण याच वाटेनं लाळेची नळी जाते. लांबी 5 ते 7 सेंटिमीटर, तोंड वरच्या दुसऱ्या दाढेसमोर. जखम ही रेघ ओलांडत असेल, तर सर्जन तोंडातून त्या छिद्रात बारीक नळी सरकवतात. तिचं टोक जखमेत डोकावलं, की समजायचं लाळनळी तुटली. ती न सांधता नुसती कातडी शिवली, तर लाळ गालात साचते, नाहीतर जेवताना गालावरून पाझरते.

चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूची तर गोष्टच वेगळी. भुवया उचला, डोळे मिटा, दात दाखवा, हे सगळं भूल देण्याआधीच करून घेतात; नंतर विचारणार कोणाला? तुटलेल्या तंतूचं पलीकडचं टोक सुमारे 72 तास विजेच्या हलक्या स्पर्शाला जागतं. मेंदूशी नातं तुटलेलं, तरी ओठ हलतो! त्यावरून ते टोक हुडकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्यानं जोडायचं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून खाली सोडलेल्या रेषेपलीकडे, नाकाकडच्या बाजूला, मात्र बहुधा हा खटाटोप करत नाहीत. तिथले इवले तंतू आपसांत जुळवून घेतात.

चेहऱ्याची जखम घाबरवण्याइतकी वाहते आणि भरतेही चटकन, कारण इथे रक्ताचा पुरवठा भरपूर. 1790 च्या दशकात पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका वैद्यानं याच जोरावर कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीनं नव्यानं घडवलं. कातडीचा देठ त्यानं लगेच तोडला नव्हता, म्हणून तिला रक्त मिळत राहिलं. 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’नं ही हकिकत छापली, 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. मासिकानं रुग्णाचं नाव दिलं, वैद्याचं नाही. ही कंजुषी खटकतेच.

कोणाच्या चेहऱ्यात काही रुतलेलं दिसलं, तर ते उपसू नका, हलू देऊ नका. माणूस शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल, तर पुढे झुकवून बसवा, म्हणजे रक्त घशात उतरणार नाही. आणि 108 ला फोन लावा.