डाव्या हाताची फिरकी

डावखुऱ्या मुलाच्या हातांतून खडू काढून तो उजव्या हातांत देण्याची चाल आपल्या घरांतून व शाळांतून फार दिवस होती. परंतु पवित्र शास्त्रांत, शास्ते या पुस्तकांत, केसावरही नेम न चुकणाऱ्या सातशें डावखुऱ्या गोफणदारांचा उल्लेख आहे. तो वाचला म्हणजे हा हात उणा नव्हे, अशी खात्री पटते. क्रिकेटच्या मैदानावरही हाच अनुभव येतो.

डाव्या फिरकीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत चेंडू बोटांनीं फिरवितात. टप्पा पडल्यावर तो उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. दुसऱ्यांत मनगटानें फिरवितात. तेव्हां तो उलट त्याच्याकडे आंत शिरतो. मनगटाची फिरकी बहुधा अधिक वळते, परंतु तिच्यावर ताबा ठेवणें कठीण. म्हणून असे गोलंदाज विरळा. कुलदीप यादव यांनीं २०१७ सालीं धरमशाला येथें आपल्या पहिल्याच कसोटींत ऑस्ट्रेलियाचे ४ गडी बाद केले, ते याच रीतीनें.

बोटांच्या फिरकींतही मार्ग निरनिराळे आहेत. बिशनसिंग बेदी चेंडूस उंची देऊन फलंदाजास मोहांत पाडीत. ६७ कसोटींत त्यांनीं २६६ बळी मिळविले. इंग्लंडचे डेरेक अंडरवूड जवळजवळ मध्यम गतीनें चेंडू टाकीत. १९६८ सालीं ओव्हलच्या ओल्या खेळपट्टीवर त्यांनीं ऑस्ट्रेलियाचे ७ गडी ५० धावांत बाद केले. नाशिकचे बापू नाडकर्णी यांचें बळ अचूकतेंत होतें. १९६४ सालीं मद्रासेस इंग्लंडविरुद्ध एका डावांत त्यांनीं ३२ षटकांत अवघ्या ५ धावा दिल्या. गडी मात्र एकही मिळाला नाहीं! तरी ती मेहनत व्यर्थ म्हणतां येत नाहीं. धावा कोंडल्या म्हणजे फलंदाज अधीर होतो व त्याचा लाभ दुसऱ्या टोकाच्या सोबत्यास मिळूं शकतो.

या सर्वांच्या आधीं होऊन गेले पाळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. त्यांच्या हातचा चेंडू सर्व सोबती हातीं घेत. परंतु पुण्यांत चहाच्या वेळीं, जातीमुळें, त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. हिंदु संघाचें नायकत्व त्यांच्या योग्यतेस साजेसें त्यांस कधींच लाभलें नाहीं. पुढें १९२३ सालीं तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

तेव्हां मुलांनो, वर्गांतील डावखुऱ्या सोबत्याचा हात बदलूं पाहूं नका व कोणाचें कुळही विचारूं नका. त्याच्या हातीं चेंडू द्या, आणि तो कोठें पडतो एवढेंच पाहा.