लकव्यानंतरचे पहिले साडेचार तास

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हातातून तांब्या गळून पडला, जीभ जड झाली, की भोवतीची माणसं लगेच सांगतात, "अंगावरून वारं गेलं." आजार त्यांनी बरोबर ओळखलेला असतो. घोटाळा होतो तो त्यापुढे. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, कुणी वैदूचा लेप सुचवतं, कुणी राजस्थानातल्या बुटाटी धामची वाट दाखवतं. आणि त्यातला समंजस माणूस म्हणतो, "आता रात्र झाली, सकाळी दवाखान्यात नेऊ." माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान या शेवटच्या वाक्यानं होतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं आणि सगळे ऐकतात.

लकवा गार वाऱ्यानं होत नाही. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीनं बंद पडते किंवा फुटते, म्हणून होतो. मुंबईत 2005-06 मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली गेली. त्यात शंभरातल्या सुमारे 80 जणांना गुठळीचा आणि 18 जणांना रक्तस्रावाचा झटका आला होता. यातल्या गुठळीच्या झटक्यात बंद पडलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू करता येतो. मात्र त्याला वेळेची मर्यादा आहे.

"एकदा लकवा मारला की मेंदूचा तेवढा भाग गेलाच," हा समज त्यामुळेच खरा नाही. वाहिनी बंद पडल्यावर अगदी मधला भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवतीचा बराच मोठा भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्याशा रक्तावर तग धरून असतो. तो काम थांबवतो, पण जिवंत असतो. पावसानं ताण दिल्यावर सोयाबीन माना टाकतं, तेव्हा पाणी मिळालं तर ते उभं राहतं. एकदा वाळलं की कितीही पाणी द्या, उपयोग नसतो. मोठी वाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला. "सकाळी नेऊ" या दोन शब्दांची किंमत या आकड्यात मोजावी.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. अल्टेप्लेज हे औषध तीन तासांच्या आत दिलं तर रुग्ण स्वतःच्या पायावर परतण्याची शक्यता वाढते, हे अमेरिकेतल्या 1995 च्या चाचणीत सिद्ध झालं. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीनं ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. अल्टेप्लेजचा थोडा भाग एकदम आणि बाकीचा तासाभरात शिरेतून सोडतात. टेनेक्टेप्लेज हे त्याच जातीचं नवं औषध तर एकाच दमात देता येतं. मुदत साडेचार तासांची असली तरी पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन आणि चौथ्या तासात दिलेलं इंजेक्शन यांच्या परिणामात मोठा फरक पडतो.

हे तास कुठून मोजायचे, यातही चूक होते. माणूस दवाखान्यात पोचला तेव्हापासून नाही, घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हापासूनही नाही. तो शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, तिथून मोजायचे. रात्री दहाला जेवून झोपलेला माणूस पहाटे पाचला उठताना पडला, तर डॉक्टर रात्री दहा धरतात. अशा वेळी एमआरआय किंवा विशेष स्कॅन करून काही रुग्णांना उपचार देता येतात, म्हणून उशीर झाला असं स्वतःच ठरवून घरी थांबू नये. आखाड्यावर एकट्यानं झोपणाऱ्या माणसाशी शेवटचं फोनवर कोण बोललं होतं, हेसुद्धा डॉक्टरांना सांगा. कधीकधी उपचाराचा निर्णय त्यावर फिरतो.

आता गोळीचं. हृदयविकारात ॲस्पिरिन द्यायची हे लोकांनी ऐकलेलं असतं, म्हणून लकव्यातही कुणीतरी पाण्यात विरघळवून पाजतं. हे करू नका. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे बाहेरून बघून निष्णात डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. ते सिटी स्कॅनवरच कळतं. वाहिनी फुटली असेल तर ॲस्पिरिन रक्तस्राव वाढवू शकते. शिवाय अशा रुग्णाला अनेकदा नीट गिळता येत नसतं, पाणी किंवा चहा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तोंडानं काहीही द्यायचं नाही. कुशीवर झोपवा आणि निघा. मधुमेही असेल तर साखर तपासायला सांगा, कारण साखर फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं.

"आधी बीपी उतरवा" हा हट्टही घरचे फार धरतात. गुठळीच्या झटक्यात वाढलेला दाब काही प्रमाणात त्या तग धरलेल्या भागाला रक्त पोचवत असतो, आणि तो एकदम खाली आणला तर तोही भाग जातो. इंजेक्शन द्यायचं असेल तर दाब 185/110 च्या खाली आणतात; द्यायचं नसेल तर साधारण 220/120 पर्यंत सहसा हात लावत नाहीत. रक्तस्रावात हिशेब वेगळा असतो. तेव्हा जिभेखाली गोळी ठेवण्याचा आग्रह धरू नका. नुसत्या सलाईननं गुठळी विरघळत नाही, हेही लक्षात असू द्या.

इंजेक्शन धोक्याचं असतं, ही भीती मात्र निराधार नाही. 1995 च्या त्याच चाचणीत औषध मिळालेल्या शंभरातल्या साधारण 6 जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी अपंगत्वाशिवाय किंवा किरकोळ अपंगत्वासह जगणारे लोक औषध मिळालेल्यांतच जास्त होते. अलीकडं मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टर औषध टाळू शकतात. म्हणून रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढं केला तर साऱ्या भावकीला फोन करत तास घालवू नका.

मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. 2015 मधल्या चाचण्यांनी हा उपचार रूढ केला, आणि 2018 मध्ये निवडक रुग्णांसाठी त्याची मुदत 24 तासांपर्यंत गेली. तो छत्रपती संभाजीनगर, नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरांतच मिळतो. पण म्हणून थेट मोठ्या शहराकडं गाडी काढणं चूक आहे. वाटेत सिटी स्कॅन आणि इंजेक्शन मिळत असेल तर ते आधी घ्यावं आणि मग पुढं जावं.

"न्यूरोचा डॉक्टर नाही, तर तिथं नेऊन काय उपयोग?" हा प्रश्न हिंगोलीकडं बघून हमखास येतो. हिमाचल प्रदेशानं त्याला 2014 पासून उत्तर दिलं आहे. डोंगराळ भागातल्या जिल्हा रुग्णालयांत तिथले डॉक्टर सिटी स्कॅन करून दूरच्या मेंदूतज्ज्ञाशी फोनवर बोलतात आणि सरकारनं मोफत पुरवलेलं इंजेक्शन देतात. जे डोंगरात जमतं ते मराठवाड्याच्या सपाटीवर जमायलाच हवं.

हा शहरी, बैठ्या माणसांचा आजार आहे असंही समजू नका. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं, आणि त्यातले 87 टक्के मृत्यू घरीच झाले होते.

लक्षणं दहा मिनिटांत ओसरली, हात पुन्हा उचलायला लागला, म्हणून घरी बसणारे तर कितीतरी. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो, आणि पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तेव्हा हसायला सांगून चेहरा बघा, दोन्ही हात वर करायला लावा, एखादं वाक्य बोलायला सांगा. यातलं एकही बिघडलेलं दिसलं तर घड्याळात बघून वेळ लिहा आणि 108 ला फोन करा. पण त्याआधी, आजच, एक काम करायचं आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा : सिटी स्कॅन रात्रीही चालू असतो का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साठ्यात आहे का? ते द्यायचा निर्णय कोण घेतं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राकडून समजून घ्या. मिळालेली उत्तरं ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, आणि एखादं उत्तर 'नाही' असं मिळालं तर तो विषय पुढच्या ग्रामसभेत ठरावासाठी मांडा.